पाणी : दान की देणे?

उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे आपल्याकडे मोठे पुण्यकर्म मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तहानलेल्यास पाणी मिळणे हे केवळ दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून असावे काय, असा प्रश्न आज उभा राहिला आहे.

पृथ्वीचे उष्णतामान वाढत असून पर्जन्यमान बेभरवशाचे होत चालले आहे. २०२३ साली पावसाने ओढ दिली तेव्हा कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले. हुबळी-धारवाडची तहान मुख्यत्वे सौंदत्तीजवळील मलप्रभेच्या धरणावर भागते. तेथील साठा घटला की नळाच्या पाण्याची पाळी लांबते. ही नुसती गैरसोय नव्हे. नळ कोरडा असताना त्यातील दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून घाण पाणी आत शिरते.

२००८ च्या सुमारास या जुळ्या शहरांतील आठ वॉर्डांत चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. पुढे संशोधकांनी या वस्त्या व पाळीने पाणी मिळणाऱ्या वस्त्या ताडून पाहिल्या. अखंड पाणी असलेल्या घरांत विषमज्वर कमी आढळला. गरिबांच्या मुलांत रक्ती आवही कमी आढळली. सधन घरी मोठी टाकी असते, पाणी शुद्ध करण्याचे साधन असते. गरिबाजवळ उघडी घागर. म्हणजे एकाच अवर्षणाचा ताप सर्वांस सारखा होत नाही. ज्याच्या चुलीचा धूर थोडा, त्यालाच आच अधिक लागते.

दि. २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व २१ या कलमांतून निघतो, असे मान्य केले.

हक्काची भाषा वाढली की कर्तव्याचा विसर पडतो, असे कोणी म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या धर्माने मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे. जेथे एकाचे ऋण असते, तेथे दुसऱ्याचे येणे असते. त्या येण्यासच आज हक्क म्हणतात. ज्याचे देणे आहे त्याला ते फेडताना दात्याचा अभिमान शोभत नाही.

पाणपोई अवश्य चालू राहो. पण टंचाईत पाण्याची पाळी ठरेल तेव्हा शहराच्या टोकाच्या वस्तीस प्रथम पाणी मिळावे, असा आग्रह आपण सभासदांनी महापालिकेकडे धरावा. आणि त्यापायी आपल्या नळाची पाळी एक दिवस लांबली, तर ती कुरकुर न करता सोसावी. त्यास दान म्हणू नये; ती ऋणफेड होय.