जामीन कोण राहणार?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव मिळून किती वर्षं लोटली, तरी बंद पडलेला मदरबोर्ड पिशवीत घालून निघालेला माणूस टॅक्सीवाल्याला ‘लॅमिंग्टन रोड’च सांगतो. पाटीवर एक नाव, तोंडी दुसरं. त्या रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या धंद्याचंही तसंच आहे. गिऱ्हाईक कारागिराला तीनच गोष्टी विचारतं: होईल का, किती लागतील, कधी देणार? ‘तुमचं सर्टिफिकेट दाखवा’ असं काउंटरवर म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

त्यामुळे या कामात उतरू पाहणाऱ्या पोराने ‘कोर्स करू की दुकानात बसू?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. हातात कसब पाहिजे, कागद घेऊन काय चाटायचाय? मीही बरीच वर्षं हेच सांगत आलो. आता इतक्या बिनघोरपणे सांगवत नाही.

आमच्याकडे एसटी स्टँडच्या मागे एक कारागीर बसतो. माझा लॅपटॉप एकदा पूर्ण मेला. दुसरीकडे ‘बोर्डच बदला’ असं ऐकून मी त्याच्याकडे गेलो. त्याने बोर्डाला बाहेरून थोडा करंट दिला, बोट फिरवून कुठे तापतंय ते बघितलं आणि मुंगीएवढा एक कपॅसिटर चिमट्याने उचलून काढला. यंत्र सुरू झालं. वर्षभराने त्याच लॅपटॉपची विंडोज अडकली. मी मशीन त्याच्याकडे ठेवून निघून आलो आणि संध्याकाळी परतलो तोवर त्याने सगळं फॉरमॅट करून नवं घातलं होतं. जमिनीच्या दाव्याची स्कॅन केलेली कागदपत्रं त्यात होती. ‘ठेवायचंय असं तुम्ही बोलला नाहीत,’ एवढंच तो म्हणाला. आणि खरंच, मी बोललो नव्हतो.

हा माणूस अडाणी नव्हे. पण काम घेताना गिऱ्हाइकाला काय विचारायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कॉम्पटिआ या अमेरिकी संस्थेची संगणक-तंत्रज्ञांसाठीची ‘ए प्लस’ ही परीक्षा 1993पासून चालू आहे. तिच्या अभ्यासक्रमात बिघाड शोधण्याची जी पद्धत दिलीय, तिची पहिली पायरीच अशी: वापरणाऱ्याला विचारा, अलीकडे काय बदललं ते पाहा, हात लावण्याआधी बॅकअप घ्या. शेवटची पायरी: काय केलं ते लिहून ठेवा. वाचायला अगदी बाळबोध. पण दुकानातली शाळा चुकीतून शिकवते, आणि चुकीची किंमत बहुतेक वेळा गिऱ्हाईक मोजतं. कधी शिकणारा स्वतःही. 230 व्होल्टच्या लाइनवर चालणाऱ्या एसएमपीएसमधला, म्हणजे पॉवर सप्लायमधला, मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. हे पुस्तकात वाचणं आणि बोटाने शिकणं यांत फरक आहे.

म्हणून ‘ए प्लस’ करावी का? इथे मी अडखळतो. ही परीक्षा ज्या अर्थव्यवस्थेत जन्मली, तिथे माणसाचा तास महाग आणि सुटा भाग स्वस्त. त्यामुळे तिची शिकवण अशी: सदोष भाग ओळखा, काढा, नवा बसवा. आपल्याकडे गणित उलटं. बोर्ड बदलायचा खर्च ऐकून गिऱ्हाईक लॅपटॉप उचलून चालू लागतं आणि तो कपॅसिटर काढणाऱ्याकडेच पोहोचतं. सोल्डरिंगचा हात त्या परीक्षेत तपासला जात नाही. दोन पेपर, प्रत्येकी जास्तीत जास्त 90 प्रश्न, 90 मिनिटं. 2011पासून या प्रमाणपत्राला तीन वर्षांची मुदतही लागली. कारागिराचा हात मात्र तीन वर्षांनी बाद होत नाही.

आपल्याकडचा गोंधळ आणखी वेगळा. ‘पोरगं एमएस-सीआयटी झालंय, घरचा कॉम्प्युटर तोच दुरुस्त करील,’ असं म्हणणारे पालक मला भेटलेत. एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवते, खोलायला नाही. आयटीआयचा हार्डवेअर-नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड खोलायला शिकवतो. तो जवळपास मिळत असेल तर आधी तो बघावा.

पण माझं मत खरं बदललं ते दुसऱ्याच कारणाने. दुकानातल्या स्टुलावर बसायला मिळतं कुणाला? मालकाच्या भाच्याला, शेजारच्या पोराला, कुणीतरी ‘आपला आहे, ठेवून घ्या’ म्हणून आणलेल्याला. सहा महिने चहा आणायचा, स्क्रू वेगळे करायचे, मग कधीतरी गन हातात. ही व्यवस्था कागद मागत नाही, कारण तिथे ओळख जामीन राहते. परभणीहून पुण्यात आलेल्या, एकही दुकानदार न ओळखणाऱ्या मुलीने त्या स्टुलावर कुणाच्या शब्दावर बसायचं? मेंटेनन्सचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीत फील्ड इंजिनियरची जागा निघते, तेव्हा अर्ज चाळणारा आयटीआय, डिप्लोमा, सर्टिफिकेट एवढंच बघतो. त्या कागदावर त्याचा फार विश्वास असतो असंही नाही, ढीग कमी करायचा असतो. तरी तिच्यासाठी उघडतं ते दार तेच. ‘कागद काय चाटायचाय’ हे वाक्य बोलणाऱ्याला बहुधा कधीतरी कुणीतरी स्टूल दिलेलं असतं. मलाही दिलं होतं, मामाच्या ओळखीने.

यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे कागद मात्र निराळे. ॲपलने 2019मध्ये बाहेरच्या दुकानांना अस्सल भाग द्यायची योजना आणली, त्यात कंपनीचं प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ हवा अशी अट होती. असा कागद म्हणजे निम्मा परवानाच.

मला कुणी पैशाचं विचारलं, तर मी म्हणेन, आधी एक बरा मल्टिमीटर आणि भंगारातले चार मेलेले बोर्ड घ्या. ‘ए प्लस’चा अभ्यासक्रम फुकट उतरवून घेता येतो, तो वाचा. परीक्षेची फी ती मागणारी नोकरी समोर दिसेल तेव्हा भरा. ज्याला स्टूल मिळणारच नाही, त्याने मात्र आयटीआयचा फॉर्म आजच आणावा.

स्टँडमागच्या कारागिराकडे परवा कीबोर्ड बदलायला गेलो होतो. त्याचा पुतण्या आयटीआय करून आलाय. आता तिथे छापील पावतीपुस्तक आहे. त्यावर एक चौकट: ‘डेटा ठेवायचा / नको’, खाली गिऱ्हाइकाची सही. ‘ठेवायचा’वर खूण केली की दोनशे रुपये जास्त. मी खूण केली. काका पुतण्याकडे बघत म्हणाला, ‘याच्या कॉलेजचं फ्याड आहे,’ आणि दोनशे गल्ल्यात टाकले.