ठिपक्यांची रांगोळी

आमच्या काकूला गाडी लागते. कराडहून चिपळूणला जायचं ठरलं की आदल्या रात्रीपासून तिचं जेवण तुटतं. पर्समध्ये आवळासुपारी, लिंबू आणि घड्या घातलेल्या चार पिशव्या. काका पंचवीस वर्षं कुंभार्ली घाटातून गाडी चालवताहेत. त्यांचं एकच पालुपद, “मनाचे खेळ गं सगळे. मला लागली का कधी?”

गेल्या दिवाळीत मी काकूच्या फोनवर गाडी लागू नये म्हणून एक ॲप घालून दिलं. आयफोनमध्ये ही सोय २०२४ पासून आहे. तिच्या साध्या अँड्रॉइडला वेगळं ॲप घ्यावं लागलं. स्क्रीनच्या कडेला ठिपके दिसतात. गाडी वळली, ब्रेक लागला, की तेही सरकतात. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, तिला प्रत्येक हेलकावा कळतो. फोनवर खिळलेले डोळे मात्र सांगत राहतात, काही हलत नाहीये. दोन साक्षीदारांचं जुळत नाही आणि शिक्षा होते पोटाला. ठिपके डोळ्यांना थोडी तरी खरी बातमी देतात. काकूचा त्रास त्याने गेला नाही, पण पिशवी उघडायची वेळ आली नाही.

“वा! आता घाटात रांगोळी काढत बसा,” काका म्हणाले.

पावसाळ्यात त्यांचा हात मोडला. प्लास्टर. चिपळूणला एका लग्नाला तर जायचंच होतं. गाडी मी घेतली, काकू शेजारी, काका मागे. पाटणपर्यंत त्यांच्या सूचना चालू होत्या: गिअर टाक, हॉर्न दे. मग कंटाळून त्यांनी व्हॉट्सॲप उघडलं. हेळवाक मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि सूचना थांबल्या. तिसऱ्या वळणावर मी आरशात पाहिलं. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

“थांबव,” एवढंच म्हणाले.

काकू एक अक्षर बोलली नाही. (तिच्या जागी मी असते तर सोडलं नसतं.) तिने आवळासुपारी दिली, पाठीवर हात फिरवला. काकांनी स्वतःहून तिचा फोन मागितला.

“एकदा ढवळल्यावर ठिपक्यांचा उपयोग नाही हो,” काकू म्हणाली. “तुम्ही पुढे बसा. लांब बघा.”

ती मागे गेली. पण आठवणीने सांगत राहिली, “आता उजवीकडे. आता मोठं वळण, डावीकडे.” चालवणाऱ्याला वळण आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला गाडी सहसा लागत नाही. हे मी काकांना सांगणार होते, पण ते डोळे समोर लावून काकूचं ऐकत होते. पोफळीला उतरेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

प्लास्टर निघालं. परवा पुन्हा चिपळूण. स्टिअरिंगवर काका, काकू फोनवर ठिपके लावून कसलीशी पाककृती वाचत होती. घाटाच्या तोंडाशी काकांनी वेग कमी केला.

“डावीकडे येतंय गं,” ते म्हणाले, आणि मग वळले.