वाक्य पूर्ण होईपर्यंत

हजेरी सुरू झाली की वर्गातल्या एखाद्या मुलाचे कान स्वतःच्या क्रमांकाच्या आधीच्या सात-आठ क्रमांकांकडे लागलेले असतात. आपला क्रमांक जवळ येईल तसा त्याचा घसा आवळत जातो. ‘हजर’ एवढेच म्हणायचे असते. त्यातला ‘ह’ तर निव्वळ श्वासाचा, पण तो श्वासच गळ्याशी अडतो. बाई वहीतून मान वर न करता पुढचा क्रमांक पुकारतात आणि समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाची गैरहजेरी लागते. थोड्याच वेळापूर्वी परिपाठात त्याच मुलाने सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा घडाघडा म्हटलेली असते. सर्वांच्या सुरात सूर मिळवून म्हणताना अडखळणे बहुधा नाहीसे होते, गातानाही होते. वाचाशास्त्राला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शिक्षकांना ते ठाऊक नसते, म्हणून ते सरळ निष्कर्ष काढतात: याला बोलता येते, हा घाबरट आहे किंवा मुद्दाम करतो.

मी स्वतः लहानपणापासून अडखळत बोलतो. शाळा, कॉलेज आणि नोकरी या तिन्ही ठिकाणी हे घेऊन वावरल्यावर माझी खात्री झाली आहे की, अडखळण्याने माणसाचे जेवढे नुकसान होते त्याहून कितीतरी जास्त ते लपवण्याने होते. आणि लपवण्याची ही सक्ती आपल्या शाळा आणि कचेऱ्या करतात, बहुतेक वेळा नकळत.

आधी थोडे वस्तुस्थितीबद्दल. अडखळणे साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होते. शंभरांतली पाचएक मुले यातून जातात. त्यांतली बहुतेक आपसूक बाहेर पडतात आणि मोठ्या वयात शंभरांत एकाच्या आसपास प्रमाण उरते. पुरुषांमध्ये ते बायकांपेक्षा बरेच जास्त असते. पुष्कळदा ते घराण्यात चालत आलेले असते. 2010 मध्ये अमेरिकी संशोधकांनी पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून अडखळण्याशी निगडित जनुकीय बदल दाखवून दिले. बोलण्याच्या हालचालींची जुळणी करणाऱ्या मेंदूतल्या जोडण्यांतही फरक आढळतो. भीतीने अडखळणे वाढते हे खरे, पण ते भीतीतून जन्मत नाही. बुद्धीशी तर त्याचा काहीच संबंध नाही. साठ-साठ मुलांच्या दोन तुकड्या घेतल्या, तरी त्यांत असे एखादे मूल सहज निघेल.

या मुलाच्या वाट्याला घरात काय येते? मधात उगाळलेले वेखंड येते, कुणी तोंडात खडे धरून वाचायला सांगते. ते उपाय काही महिन्यांत मागे पडतात. मागे पडत नाही तो सल्ला. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘आधी विचार कर, मग बोल’. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. मात्र या सल्ल्याने काय होते हे 1939 सालीच दिसले होते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यांतली काही मुले व्यवस्थित बोलणारी होती. त्यांना वारंवार सांगण्यात आले की तुमच्या बोलण्यात दोष आहे, स्वतःला आवरा, नीट जमत असेल तरच तोंड उघडा. ती मुले खरोखर अडखळू लागली का, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. त्यांतली कित्येक गप्प झाली, बुजरी झाली, याबद्दल फारसा नाही. विद्यापीठाने 2001 मध्ये या प्रयोगाबद्दल माफी मागितली. त्या मुलांना जे शब्द मुद्दाम इजा करून पाहण्यासाठी ऐकवले गेले, जवळपास तेच शब्द आपण आपल्या मुलांना रोज काळजीपोटी ऐकवतो.

मग मूल लपवायला शिकते, आणि त्यात ते किती तरबेज होते हे बाहेरच्या माणसाला कळतच नाही. वाक्य सुरू करतानाच त्याला तीन शब्द पुढचा खड्डा दिसतो. ‘पाणी’ अडणार असे वाटले की तो ‘तहान लागली’ म्हणतो. ‘मंगळवार’ अडणार असेल तर ‘परवा’ म्हणतो. उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणतो, कारण तेवढेच तोंडातून सुटते. ठाण्याच्या तिकीट खिडकीशी ‘दादर’ निघत नाही म्हणून परळचे तिकीट काढून दादरला उतरणारे लोक असतात. उपाहारगृहात हवे ते न मागता जे उच्चारता येईल ते मागणारे असतात. या सगळ्या खटाटोपात डोके सतत गुंतलेले असते. समोरचा काय म्हणतो आहे ते अर्धेच ऐकू येते. आणि खटाटोप यशस्वी झाला की लोक म्हणतात, ‘अरे, तुझं तर जाणवतही नाही!’ हे कौतुकाने म्हटलेले वाक्य मला फार जाचक वाटते, कारण त्याने लपवण्यालाच शाबासकी मिळते.

एका शब्दाला मात्र पर्याय नसतो, तो म्हणजे स्वतःचे नाव. माझे नाव ‘प’ने सुरू होते. दोन्ही ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. ऑनलाइन बैठकीत प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची असते तेव्हा ती शांतता समोरच्यांना निराळीच ऐकू येते. ‘आवाज येत नाहीये’, ‘म्यूटवर आहात का?’, ‘नेटवर्क गेलं वाटतं’. चार सेकंदांत तीन जण बोलून जातात आणि तेवढ्यात माझा जमत आलेला उच्चार पुन्हा मोडतो. एका नोकरीत माझे वरिष्ठ अशा वेळी माझे नाव स्वतःच सांगून पुढे सरकत. त्यांचा हेतू सुटका करण्याचाच होता, आणि त्या क्षणी सुटका व्हायचीही. पण त्या गटात माझी ओळख जी झाली, ती ज्याच्या वतीने दुसऱ्याने बोलायचे असा माणूस म्हणून झाली. पुढे ग्राहकाशी बोलायच्या कामाला माझे नाव कुणी सुचवले नाही. कुणी आकसाने डावलले असे मला वाटत नाही. ‘त्याला त्रास नको’ म्हणून ते घडले, आणि म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागता आली नाही.

मोबाइलने तिकीट खिडकी टाळता येऊ लागली, जेवणही न बोलता मागवता येते. हे वरवर सोयीचे आहे. पण सरावाच्या साध्या, बिनमहत्त्वाच्या जागा त्यामुळे नाहीशा झाल्या. उरल्या त्या अटीतटीच्या जागा: मुलाखत, सादरीकरण, रोज सकाळी दहा मिनिटांची ती बैठक, जिथे प्रत्येकाने भराभर बोलून पुढच्याला वाट द्यायची असते.

कायद्याकडे पाहावे तर तिथेही या माणसाला नीटशी जागा नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा व भाषेचे दिव्यांगत्व आहे. मात्र त्याची व्याख्या कायमस्वरूपी दोषाची आहे आणि उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढून टाकलेल्यांची किंवा मेंदूच्या आघाताने वाचा गमावलेल्यांची. एके दिवशी नीट बोलणारा आणि दुसऱ्या दिवशी नाव सांगताना अडणारा माणूस त्या चौकटीत कसा बसवायचा? प्रमाणपत्र नाही म्हणजे सवलत नाही, आणि सवलत नाही म्हणजे अडचणच नाही, असा अर्थ मग कार्यालये लावतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला गंभीर वाटतो. काही कामांत बोलण्याचा वेग हेच काम असते. विमानतळावरच्या नियंत्रण कक्षात सेकंदांना महत्त्व आहे, तिथे सूट मागणे मीही योग्य मानणार नाही. पण अशी कामे किती? मुलाखतीत ‘संवादकौशल्य’ या नावाखाली जे मोजले जाते तो बहुधा निव्वळ ओघ असतो. मुद्दा नेमका मांडणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, न समजलेले विचारणे या गोष्टी अडखळणाऱ्याला इतरांइतक्याच येतात, कधी जास्तही, कारण प्रत्येक शब्दाची किंमत त्याने मोजलेली असते. दुसरा आक्षेप असा की सांभाळून घेतले तर माणूस सुधारणारच नाही. उपचारांचा अनुभव याच्या उलट आहे. चार्ल्स व्हॅन रायपर हे या क्षेत्रातले मोठे नाव. ते स्वतः अडखळत असत. त्यांनी अडखळण्याशी झुंजण्याऐवजी उघडपणे, सैलपणे अडखळायला शिकवले, मुद्दाम अडखळून पाहायला सांगितले. लपवायचे काही उरले नाही की ताण उतरतो आणि ताण उतरला की बोलणे पुढे सरकते. भारतात ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’चे स्वयंसाहाय्य गट याच वाटेने जातात. तिथे एकमेकांसमोर अडखळत बोलणे हाच सराव असतो.

मला स्वतःला उपयोगी पडली ती एक साधी गोष्ट. हल्ली मी बैठकीच्या सुरुवातीलाच सांगतो, ‘मी अडखळतो. मध्ये थांबलो तर लाइन तुटली असे समजू नका, वाक्य पूर्ण करीन.’ हे सांगतानाही अडखळायला होते, आणि ते बरेच आहे. पण पन्नाशीकडे झुकलेल्या, नोकरीत रुळलेल्या माणसाला हे जमते म्हणून सहावीतल्या मुलाकडून, किंवा पहिल्या मुलाखतीला आलेल्या मुलीकडून, त्याची अपेक्षा करू नये. मुलींबद्दल तर विशेष सांगायला हवे. त्या संख्येने थोड्या, त्यामुळे आपल्यासारखी दुसरी कुणी त्यांना भेटतच नाही. आणि त्यांचे गप्प राहणे घरात ‘शांत स्वभाव’ म्हणून खपून जाते.

तेव्हा पहिले पाऊल मोठ्यांनी उचलायचे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. हजेरीला हात वर केला तरी चालेल, हे साऱ्या वर्गालाच सांगता येते. म्हणजे कुणी एकटा उघडा पडत नाही. प्रकट वाचन जोडीने घेता येते. दोघांच्या आवाजात अडखळणारा आवाजही वाहता होतो, आणि काही आठवड्यांनी त्या मुलाला एकट्याने वाचायचे आहे का, हे त्यालाच एकीकडे विचारता येते. दहावीला भाषा विषयांचे 80 गुण लेखी परीक्षेला असतात आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाला, ज्यात तोंडी परीक्षा येते. त्या 20 गुणांत वेळेचे आणि ओघाचे किती आणि आशयाचे किती, हे शाळेने ठरवून शिक्षकांना लेखी द्यावे. अडखळणाऱ्या मुलाला दुप्पट वेळ द्यावा आणि परीक्षकाने त्याच्या तोंडचा शब्द पुरवू नये, एवढे त्यात स्पष्ट लिहावे. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शिक्षकांची बैठक होईलच. त्या बैठकीत यासाठी पंधरा मिनिटे पुरतील.