आत्याचा माड

नारळावर माणसांनी फार कामं लादली आहेत. लग्न ठरलं, नारळ द्या. नवी गाडी आली, नारळ फोडा. श्रावणातल्या पौर्णिमेला समुद्राला द्या. गवयाला शालीबरोबर द्या. आणि एखाद्याला नोकरीवरून काढलं, तरी त्याला 'नारळ दिला' असंच म्हणायचं! स्वागतालाही तोच आणि वाटेला लावायलाही तोच. मग सासरी निघालेल्या लेकीच्या ओटीत आपण घालतो तो नारळ यातला कोणता? हा प्रश्न मला वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. पडला तो आमच्या आत्यामुळे.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरात मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी परसात माडाचं रोप लावायचं, ही आमची जुनी रीत. खड्ड्यात वाळवी लागू नये म्हणून मीठ टाकायचं, वर रोप, भोवती आळं, आणि बाळाला ठेवाल तेच नाव रोपाला. त्यामुळे परसात उभं राहून हाका मारल्या तर निम्मं घराणं ओ देईल. आत्याचा माड 1946चा, माझा 1958चा. माझा माड आठव्या वर्षी धरला. माझ्या बाबतीत मात्र वडील पंचविशीपर्यंत वाट पाहत होते. मला ते रागवायचे तेही त्याच माडाखाली उभं करून, म्हणजे दोघांची तुलना आयती व्हायची.

माडाला साधारण महिन्याला एक झावळ येते, आणि जुनी गळली की खोडावर तिचा वण राहतो. त्या वणांवरून माडाच्या वयाचा अंदाज करता येतो. आत्याला कुणी वय विचारलं तर ती अजून म्हणते, "परसात जा नि मोजून ये."

1976 साली आजोबा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर कागदपत्रांचं निघालं, आणि आत्याला हक्कसोड पत्रावर सही करायला तालुक्याला नेलं. मी बरोबर होतो, पिशवी धरायला. बापाच्या हिश्श्यात लेकीलाही वाटा आहे, हे कायद्यानं 1956 सालीच सांगून ठेवलं होतं. आमच्या घरात ते कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या गोष्टी मोठ्यानं बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आत्यानं सही केली. माहेर तुटू नये म्हणून बायका करतात तशी, घड्याळाकडे बघत, शेवटची एस्टी चुकू नये म्हणून. मग आम्ही कांदाभजी खाल्ली. भजी खाता खाता ती वडिलांना म्हणाली, "दादा, माझ्या माडाचे नारळ तेवढे पाठवत जा हो."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंच भले गृहस्थ होते. आत्याच्या माडाचे नारळ ते वेगळे काढून ठेवत आणि वर्षातून दोनदा पुण्याला गोणी धाडत. गावात त्यांचं केवढं नाव झालं! 'बहिणीला विसरला नाही' म्हणून लोक त्यांचं उदाहरण देत. आत्यानं काय सोडलं याचं उदाहरण कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

वडिलांमागे गोणीचं काम माझ्याकडे आलं, आणि मी त्यात सुधारणा केल्या. पहिली सुधारणा म्हणजे वेगळा ढीग बंद. नारळ तो नारळ, त्यावर काय कुणाचं नाव असतं? दुसरी सुधारणा हिशेबातली. बरा राखलेला माड वर्षाला ऐंशीएक नारळ देतो. त्यातून पाडेल्याची मजुरी वजा, गाडीभाडं वजा, उंदरांनी पोखरलेले वजा. असं करत करत साठ उरत. एका वर्षी पंचेचाळीस उरले. आणि गोणीत जास्त मावावेत म्हणून (असं मी स्वतःला सांगत असे) जरा लहान लहान निवडायचे. एवढं करून पाहुण्यांना सांगायचं, "आत्याला आम्ही अजून नारळ पाठवतो हो!" आणि ते सांगताना माझं मन भरून येई. दुसऱ्याच्या नारळावर दानशूर होण्यात जे सुख आहे, ते स्वतःच्या पैशानं मिळत नाही.

3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं. तीन-चार तासांत वाडीतल्या निम्म्या नावांना ओ देणारं कुणी उरलं नाही. माझा माड मुळासकट आडवा झाला. आत्याचा जागचा हलला नाही. फोन सुरू झाल्यावर तिचा पहिला प्रश्न, "तुझा माड पडला म्हणे! मग आता तू खाणार काय रे?"

मी हसलो आणि जेवताना हे सगळ्यांना सांगितलं. बायको विळीवर नारळ खवत होती. ती हसली नाही. म्हणाली, "तुमचा माड पडला, तर तुम्हाला कुणी घराबाहेर काढलं नाही. त्यांचा पडला असता तर?" आणि परत खवायला लागली. त्या दिवशीच्या सोलकढीची चव मला आठवत नाही.

मी मनाशी पुष्कळ वाद घातला. आत्यानं राजीखुशीनं सही केली होती. लग्नात तिला दागिने घातले होते. तिला काय कमी आहे? आपण इथं राहिलो, शिंपणं केलं, घरपट्टी भरली. यातला एकही मुद्दा खोटा नाही. पण सगळे माझ्याच बाजूचे निघाले, याचा मला संशय यायला लागला. माझा हक्क एका झाडाला टांगलेला नव्हता, आणि तिचा होता. तोही मी उंदरांच्या नावावर कापत आलो होतो. दर खेपेला तिच्याच माडाचा नारळ आम्ही तिच्या ओटीत घालत होतो, आणि ती म्हणत होती, "पुरे गं, किती द्याल!"

परवाच्या गणपतीत ती आली, एकोणऐंशीव्या वर्षी, नातवाच्या गाडीतून. विहिरीकडच्या तुकड्याचं बोलायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. दोन दिवस मोदक वळण्यात नि खाण्यात गेले. निघायच्या दिवशी बायकोनं ओटी भरली. मी घसा खाकरला, म्हटलं, "आत्या, जरा एक—"

तिनं नारळ कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला.

"हा माझ्या माडाचा नव्हे."

"अगं, असं आवाजावरून कसं कळेल?"

"तुला नाही कळायचं."

मी पाडेल्याला फोन लावला. तो म्हणाला, वाडीवाडीतून बोलावणी आहेत, शुक्रवारशिवाय जमायचं नाही.

"मग मी शनिवारी जाईन," आत्या म्हणाली आणि पिशवी पुन्हा आत नेऊन ठेवली. त्या दिवशी सोमवार होता. मला बोलायला चार दिवस मिळाले.