पाद्र्याचा झगा
'फादर ब्राउन' (१९५४) या चित्रपटाचं चित्रीकरण फ्रान्समध्ये, बरगंडीत चाललं होतं. इंग्रज नट अ‍ॅलेक गिनेस त्यात कॅथलिक पाद्री झाले होते. एका संध्याकाळी मध्ये बराच वेळ मोकळा मिळाला, म्हणून झगा न उतरवताच ते पायी मुक्कामाकडे निघाले. अंधार पडला होता. मागून सात-आठ वर्षांचा मुलगा धावत आला, 'मों पेर' (फादर) अशी हाक मारून त्याने त्यांचा हात घट्ट धरला आणि तो झुलवत, उड्या मारत अखंड बोलत राहिला. आपलं फ्रेंच ऐकून पोर घाबरेल म्हणून गिनेस गप्प होते. मग निरोप घेऊन मुलगा कुंपणापलीकडे दिसेनासा झाला. अंधारात अनोळखी माणसाचा हात धरण्याइतका विश्वास जी संस्था देते, ती लोक म्हणतात तशी कारस्थानी नसावी, असं तेव्हा गिनेसना वाटलं. त्याआधी पाद्र्यांविषयी त्यांना अढी होती.

हा निष्कर्ष मला पटत नाही. पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार पुढे उघडकीला आले. एका पोराच्या निर्धास्तपणावरून कुठल्याच धर्मसंस्थेची पारख होत नाही. पण त्या रस्त्यावर जे घडलं ते या निष्कर्षाहून मोठं होतं, असं मी मानते.

मी कीर्तन करते. पूर्वरंग-उत्तररंग आटोपले, आरती झाली, की माणसं पाया पडायला येतात, माझ्याहून कितीतरी वडील माणसंसुद्धा. नमस्कार नारदाच्या गादीला असतो, तुला नव्हे, हे गुरुजींनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. ते खरंच आहे. तरी वाकलेलं डोकं माझ्याच पायांशी असतं. माझी योग्यता नसताना आलेला तो विश्वास मी 'माझा नाही' म्हणून झटकून टाकू शकत नाही. तो ऋण होऊन राहतो. विश्वास ठेवणारा चुकला असेल, पण ज्याच्यावर ठेवला त्याची त्यातून सुटका होत नाही.

गिनेसचीही झाली नाही. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये (१९४९) एकाच घराण्यातली आठ माणसं त्यांनी एकट्याने उभी केली. दुसऱ्याचं रूप घेणं आणि उतरवून ठेवणं त्यांच्या हातचं होतं. हा झगा मात्र तसा उतरला नाही. मुलाला पोलिओ झाला तेव्हा ते कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसत. त्यांनी नवस बोलला: मुलगा बरा झाला आणि त्याला कॅथलिक व्हावंसं वाटलं, तर मी आड येणार नाही. मुलगा बरा झाला, आणि पौगंडवयात त्याने तीच इच्छा सांगितली. आड न येण्याने नवस फिटला होता. गिनेसनी स्वतः काही करावं असं त्यात नव्हतंच. तरी १९५६ साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतली, आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत ती श्रद्धा टिकली. देवाशी सौदा केला म्हणून नवसाला हिणवणाऱ्यांनी या उरलेल्या भागाचा विचार करावा. सौदा पुरा झाल्यावरही माणूस तिथून निघाला नाही.

याच गिनेसनी दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टू इंडिया'त (१९८४) प्राध्यापक गोडबोले रंगवले. फॉर्स्टरच्या मूळ कादंबरीतले गोडबोले दख्खनी ब्राह्मण, गोकुळाष्टमीला तुकारामाचं नाव घेत भजनात बुडून जाणारे. फॉर्स्टर स्वतः देवासच्या मराठा महाराजांकडे खाजगी चिटणीस होते, तो उत्सव त्यांनी तिथे पाहिला होता. मी हा चित्रपट मोठ्या आशेने पाहिला. चेहऱ्याला तपकिरी रंग, डोक्याला पागोटं, बोलण्यात गूढपणा. आणि भजनात देहभान विसरणारा माणूस कुठेच नाही. त्यांच्या कामातला काही भाग लीननी कापला हे खरं, पण जे उरलं त्यातही मला तो सापडत नाही. इंग्रज नटाने हिंदू होऊ नये, असं माझं म्हणणं नाही. बरगंडीत तो झगा ओळखणारं पोर समोर आलं आणि त्याने गिनेसकडे हक्काने हात मागितला. गोडबोल्यांच्या वेषात त्यांच्याकडे कोणी काही मागितलंच नसावं, असं मला वाटतं.