सचोटी शिकविता येते काय?

सद्गुण शिकविता येतो काय, हा मेनोने सॉक्रेटिसला विचारलेला प्रश्न प्लेटोच्या संवादात आपणांस भेटतो. आज तोच प्रश्न विज्ञानाच्या प्रयोगशाळेपुढे उभा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन-नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. आपल्या घरांतील मुले-मुलीही संशोधनाकडे वळू लागली आहेत. तीस तासांत मनुष्य प्रामाणिक होतो काय, असे त्यांच्या आईवडिलांनी विचारले तर ते वावगे ठरू नये.

यान हेंड्रिक शोन या जर्मन पदार्थवैज्ञानिकाची हकिकत या संदर्भात आम्हांस विचारात टाकते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, तिशी नुकतीच ओलांडलेल्या या तरुणाचा २००१ साली सरासरी दर आठ दिवसांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध होत होता. पुढे इतर शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले की, त्याच्या निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांतील बारीकसारीक थरथरसुद्धा हुबेहूब सारखी आहे. निसर्ग अशी नक्कल करीत नसतो. सप्टेंबर २००२ मध्ये चौकशी समितीने चोवीसपैकी सोळा आरोप सिद्ध झाल्याचे सांगितले. त्याने नीट प्रयोगवही ठेवली नव्हती; संगणकावरील मूळ नोंदीही पुसून टाकल्या होत्या. दरम्यान इतरत्र अनेक तरुण संशोधक ते न झालेले प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आपला काळ व उमेद खर्च करीत होते.

आकडे रचणे हे पाप आहे, हे शोनला ठाऊक नव्हते काय? ते कळण्यासाठी वर्गात बसावे लागत नाही. मग अभ्यासक्रम व्यर्थ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. कोणते निरीक्षण वगळावे व ते वगळल्याचे कसे कळवावे, निबंधावर कोणाचे नाव असावे, रुग्णाची संमती कशी घ्यावी, हे सरळ मनाच्या तरुणासही शिकवावे लागते. तथापि ज्ञान वेगळे आणि वळण वेगळे. सद्गुण अंगी बाणतो तो कृतीच्या सवयीने, हे अॅरिस्टॉटलने फार पूर्वी ओळखले होते. वहीत तारीख घालणे, चुकलेला आकडा न पुसता खालचे वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर ओढणे, फसलेला प्रयोगही नोंदविणे, या लहान कृतींतून सदसद्विवेकबुद्धी घडत जाते.

हे वळण लावायचे ते मार्गदर्शकाने. शोनच्या सहलेखकांना समितीने फसवणुकीच्या दोषातून मुक्त केले. परंतु सहलेखकाने किती जबाबदारी घ्यावी, हा प्रश्न तिने उपस्थित केलाच. ‘तुझी मूळ नोंद दाखव,’ असे म्हणणे म्हणजे अविश्वास, अशी आपली समजूत असते. आमच्या मते पाहण्याचे कष्ट टाळणे म्हणजे विश्वास नव्हे. तो पुष्कळदा आळस असतो, आणि कधी कधी चांगल्या बातमीचा लोभ. ज्या प्रयोगशाळेत केवळ यशाचेच कौतुक होते, तेथे शिष्यवृत्ती संपत आलेल्या विद्यार्थ्यास असत्याचा धडा न बोलता मिळत असतो.

हा धडा आपल्या घरांतूनही मिळू शकतो. सुट्टीत घरी आलेल्या मुलीला आपण विचारतो, ‘प्रयोग जमला का?’ त्याऐवजी ‘तुला काय दिसले?’ असे विचारून पाहावे, आणि ‘काहीच नाही’ हे उत्तरही तितक्याच आपुलकीने ऐकावे.