ब्रेकमधली हवा



गेल्या पावसाळ्यात जिवतीहून परत येताना आपल्या पॅरिशच्या जुन्या जीपचा ब्रेक मऊ लागू लागला. मागे दोन सिस्टर्स आणि वसतिगृहाची पाच मुले होती. पॅडल दाबले की पाय खोल जाई आणि दोन-तीनदा पंप केल्यावर कुठे गाडी आवरत असे. सगळा उतार पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मुलांना मोठ्याने रोझरी म्हणायला सांगितली. राजुऱ्यानंतर वर्धा नदीचा पूल ओलांडला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

चूक माझीच होती. ब्रेक ऑइल तळाला जाईपर्यंत मी डबीकडे पाहिले नाही. मग वर्षभरापूर्वी उघडलेली जुनी बाटली तिच्यात ओतली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट-३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर ब्रेक तापतात, ऑइल उकळते आणि नळीत वाफ होते. शिवाय डबी रिकामी झाल्याने हवाही शिरलेली होती.

हवेने एवढे का बिघडावे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) वाचला होता. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा त्याचा नियम. आपल्या पायाचा जोर चारही चाकांना पोचतो तो या नियमामुळेच. द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा असला की पायाचा जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो. आपण दाबतो आहोत असे आपल्याला वाटते, पण चाकापर्यंत काही पोचत नाही. (याच पास्कलवर पोप फ्रान्सिस यांनी जून २०२३ मध्ये प्रेषितीय पत्र लिहिले. येशूसंघीयांशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले होते, तरीही. आणि पोप फ्रान्सिस स्वतः येशूसंघीय होते!)

एअर काढण्याचे काम उत्तम जाणणारा एक तरुण आपल्या पॅरिशमध्ये आहे. त्याला विचारूनच हे लिहितो. नाताळच्या नाटकाच्या तालमीला तो उशिरा आला म्हणून मी त्याला सर्वांसमोर बोललो होतो. तो वडिलांना दवाखान्यात सोडून आला होता, हे मला नंतर कळले. कळूनही मी गप्प राहिलो. तेव्हापासून तो चर्चला येत नव्हता. जीपसाठीही निरोप सिस्टरांनी दिला, मी नव्हे.

तो आला. चाकांना दगड लावले, कुठे गळती आहे का पाहिले, झिजलेले ब्रेक पॅड बदलले. मग मला सीटवर बसवले. सर्वांत लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचे दुसरे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेले. "पंप करा फादर. आता धरा." तो निप्पल सैल करी, नळीतून बुडबुडे निघत आणि माझा पाय खाली जाई. निप्पल घट्ट झाल्यावरच "सोडा." एकदा मी घाईने आधीच पाय उचलला. निघालेली हवा परत आत! पुन्हा पहिल्यापासून. मध्येमध्ये तो डबीत सीलबंद बाटलीतले नवे ऑइल भरत होता.

तासभर आमच्यात तेवढेच शब्द झाले. धरा. सोडा. मला मत्तयच्या पाचव्या अध्यायातली वेदीची गोष्ट आठवत होती. तिथे प्रभू जे सांगतो ते आपण नेहमी उलटे ऐकतो. माझ्या मनात भावाविषयी काही आहे का, असे तो विचारत नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे, हे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे, असे तो सांगतो. म्हणजे दुखावलेल्याची वाट पाहायची नाही. मी तर सात महिने रोज मिस्सा अर्पण करीत होतो, इतरांची पापनिवेदने ऐकत होतो, क्षमेवर प्रवचनेही देत होतो.

तिसऱ्या चाकाला मी बोललो. "त्या दिवशी माझे चुकले. पण तूही आधी सांगायला..." तो चाकाखालूनच म्हणाला, "फादर, पाय सुटला तुमचा." ब्रेकविषयी म्हणाला की माझ्याविषयी, मी विचारले नाही. चौथ्या चाकाला पुन्हा म्हणालो, "माझे चुकले," आणि तिथेच थांबलो. तो पाना फिरवत राहिला. मग "धरा" म्हणाला.

पॅडल दगडासारखे कडक झाले. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याला आला, मागच्या बाकावर बसला, आणि शांतीचे अभिवादन करताना त्याने माझ्याकडे पाहिले.

हे पत्रकात छापू का, असे परवा विचारले. म्हणाला, "छापा. पण एबीएसच्या काही गाड्यांना गॅरेजचे यंत्र लागते, त्यांनी घरी करू नये, हेही लिहा. आणि ती जुनी बाटली टाकली ना?"

ती अजून कपाटातच होती.